दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करायचा

नॉर्वेच्या उत्तर भागात ट्रॉम्सो आणि किर्केनेस हे दोन विमानतळ आहेत, दोन्ही आर्क्टिक वृत्ताच्या वर. त्यांच्यातलं हवाई अंतर ४२३ किलोमीटर. एटीआर ७२ जातीचं पंख्यांचं विमान वर गेल्यावर ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जातं. शाळेतल्या सूत्राने भागाकार केला की ५१ मिनिटं येतात. प्रत्यक्षात अशा विमानाला एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत सव्वा तास लागेल असं धरून चालावं. मधली चोवीस मिनिटं कुठे जातात हे समजलं की जगातल्या कुठल्याही दोन छोट्या विमानतळांचा हिशेब मांडता येतो. पुढे हीच जोडी उदाहरणाला घेतली आहे, कारण नवखा माणूस ज्या चुका करतो त्यातल्या बऱ्याचशा इथे एकाच ठिकाणी सापडतात.

पहिली पायरी: विमानतळ नक्की कोणता?

गावाच्या नावावर विसंबू नका, कोड घ्या. प्रवासी विमानतळाला सहसा दोन कोड असतात. तिकिटावर आणि बॅगेच्या चिठ्ठीवर दिसतो तो आयाटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) तीन अक्षरी कोड: ट्रॉम्सोचा टीओएस, किर्केनेसचा केकेएन. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक वापरतात तो आयसीएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेचा) चार अक्षरी: ईएनटीसी आणि ईएनकेआर. यातली पहिली दोन अक्षरं सहसा प्रदेश आणि देश सांगतात, ‘ईएन’ म्हणजे नॉर्वे. म्हणून खात्री करायला चार अक्षरी कोड बरा.

एकाच नावाची शहरं भरपूर आहेत. बर्मिंगहॅम इंग्लंडातही आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. सिडनी ऑस्ट्रेलियातही आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही. दुसरा घोळ याच्या उलटा: विमानतळाच्या नावात मोठं शहर, पण जागा भलतीकडेच. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. सांडेफ्योर्डजवळचा टॉर्प विमानतळ ऑस्लोच्या नावाने ओळखला जातो, पण तो ऑस्लोच्या दक्षिणेला सुमारे ११० किलोमीटरवर आहे. अशा ठिकाणी शहर ते शहर अंतर घेतलंत तर पुढचा सगळा हिशेब पहिल्या ओळीतच बिघडतो.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश

हवाई नकाशात विमानतळाची जागा म्हणून एकच बिंदू दिलेला असतो, त्याला संदर्भबिंदू म्हणतात. तो बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याच्या आसपास धरतात, टर्मिनलच्या दारात नव्हे. प्रादेशिक विमानतळासाठी या फरकाने एक-दीड किलोमीटर इकडे-तिकडे होतं, त्याची काळजी नको.

काळजी लिहिण्याच्या पद्धतीची करायची. सरकारी पुस्तिकांत ट्रॉम्सोचा अक्षांश अंश-मिनिट-सेकंदात असतो: ६९° ४०′ ५३″ उत्तर. गणिताला दशांश लागतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवा: ६९ + ०.६६६७ + ०.०१४७ = ६९.६८१४. घाईत ‘६९.४०५३’ असं लिहून टाकणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. तिने विमानतळ एका फटक्यात सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. आणि उत्तर फार विचित्र दिसत नाही, म्हणून ती पकडलीही जात नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे चिन्हाने लिहायचे. शिवाय काही नकाशा-फायलींत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. आकड्यांची अदलाबदल झाली तर ट्रॉम्सो थेट उष्ण कटिबंधात जाऊन बसतो. दशांशानंतर दोन स्थानं पुरतात, कारण ०.०१ अंश म्हणजे दक्षिणोत्तर साधारण १.१ किलोमीटर. आपल्या जोडीसाठी हे आकडे घेऊ:

ट्रॉम्सो: ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व
किर्केनेस: ६९.७३ उत्तर, २९.८९ पूर्व

तिसरी पायरी: अंतर

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर जवळपास सगळीकडे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११ किलोमीटर, आणि ध्रुवाकडे जावं तसा आक्रसत जातो. किती, ते त्या अक्षांशाचा कोसाइन सांगतो: २०° वर ०.९४, ३०° वर ०.८७, ४५° वर ०.७१, ६०° वर बरोबर निम्मं, ७०° वर ०.३४. आपल्या जोडीत रेखांशांतला फरक १०.९७ अंश आहे. कोसाइन विसरून थेट १११.२ ने गुणलं तर १,२२० किलोमीटर येतात, म्हणजे खऱ्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट.

कागदावर झटपट करायचं असेल तर असं करा. अक्षांशांतला फरक ०.०५, गुणिले १११.२, म्हणजे ५.६ किलोमीटर. रेखांशांतला फरक १०.९७, गुणिले १११.२, गुणिले मधल्या अक्षांशाचा कोसाइन ०.३४७, म्हणजे ४२३.३ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. उत्तर ४२३.३. काही शे किलोमीटरपर्यंत या पद्धतीवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पल्ला वाढला की ती जास्त अंतर दाखवू लागते: ऑस्लो ते किर्केनेस या पद्धतीने १,३८० किलोमीटर येतं, गोलावरच्या नेमक्या सूत्राने १,३६९.

नेमकं सूत्र म्हणजे हॅवरसाइन. स्प्रेडशीटमध्ये ते असं मांडा:

१. चारही आकडे ०.०१७४५३ ने गुणून रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक, स्प्रेडशीट तेच वापरते) आणा.
२. अक्षांशांतल्या फरकाचं निम्मं घ्या, त्याचा साइन काढा, वर्ग करा.
३. रेखांशांतल्या फरकाचंही तसंच करा आणि येणाऱ्या वर्गाला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणा.
४. दोन्ही आकड्यांची बेरीज करा. इथे ती ०.००१०९९४ येते. तिचं वर्गमूळ ०.०३३१५७.
५. त्याचा व्यस्त साइन काढून दुप्पट करा (०.०६६३२६) आणि पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ ने गुणा. उत्तर ४२२.६ किलोमीटर.

पहिली ओळ गाळली तर स्प्रेडशीट तक्रार करत नाही. ती अंशांनाच रेडियन समजते आणि काही हजार किलोमीटरचं उत्तर शांतपणे पुढ्यात ठेवते. म्हणून सूत्र लिहून झाल्यावर एक चाचणी घ्या: एकाच रेखांशावरचे, अक्षांशात एक अंशाचा फरक असलेले दोन बिंदू घाला. १११.२ आलं तर सूत्र ठीक.

वेगवेगळी संकेतस्थळं याच जोडीला ४२३ आणि ४२४ असे आकडे दाखवू शकतात. दोन्ही बरोबर आहेत. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. तो चपटेपणा धरला की इथे ४२४ येतात. इतक्यावर वाद घालू नये. मोठा फरक दिसला तर मात्र एकक बघा. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो, १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. आपलं अंतर २२८ सागरी मैल होतं आणि २६३ साधे मैल. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कुठला, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका (इथे यापुढे मैल म्हणजे सागरी मैल). ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट, आणि वेळेचा हिशेब नॉटमध्येच सोपा पडतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजणाऱ्यांसाठी एक गंमत. ही दोन ठिकाणं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे विमान नाक नेमकं पूर्वेला, ९०° वर ठेवून निघेल असं वाटतं. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता निघताना सुमारे ८४° वर असतो आणि पोचताना ९४° च्या पुढे गेलेला असतो. सरळ जाता जाता दिशा दहा अंशांनी बदलते! इतक्या छोट्या पल्ल्यात याने वाचतं ते एक किलोमीटरपेक्षाही कमी. सागर ओलांडणाऱ्या उड्डाणांत हाच फरक शेकड्यांत जातो.

चौथी पायरी: विमान प्रत्यक्षात किती उडतं?

वर काढलेलं अंतर ही किमान मर्यादा. उड्डाण शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेने होतं, मग जायचं पूर्वेला असलं तरी कधी पश्चिमेकडे तोंड करून वर चढावं लागतं आणि मग वळावं लागतं. उतरतानाही तसंच: धावपट्टीच्या रेषेत काही मैल आधीच यावं लागतं. त्यातून डोंगर, लष्करी क्षेत्रं, ठरलेले हवाई मार्ग. कमी गर्दीच्या विमानतळांमध्ये १५ ते २५ सागरी मैल वाढवा; आपण २० धरू, म्हणजे २४८ झाले. यात एक मेख आहे. ही वाढ टक्क्यांत धरू नका. वळणं आणि उतरण्याची रांग पल्ला लहान असो की मोठा, साधारण तेवढीच राहते. म्हणून १०० मैलांच्या उड्डाणाला ती फार जाणवते, १,००० मैलांच्या उड्डाणाला फारशी नाही.

बंद आकाश हे वेगळंच प्रकरण. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हे साडेनऊ तासांच्या आसपासचं उड्डाण तेराच्या आसपास गेलं. दोन विमानतळांमधलं अंतर मात्र एक किलोमीटरनेही बदललं नव्हतं.

पाचवी पायरी: वेळ, पण कुठला?

विमान कंपन्या उड्डाणाचे चार क्षण नोंदवतात: आउट, ऑफ, ऑन, इन. गेटवरून हलणं, चाकं जमिनीवरून सुटणं, चाकं टेकणं, गेटवर थांबणं. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचा तो ब्लॉक टाइम. वेळापत्रकात आणि तिकिटावर हाच असतो. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचा तो हवेतला वेळ. वैमानिक घोषणेत बहुधा हाच सांगतो. अंतर मोजणारी संकेतस्थळं तिसराच आकडा देतात: अंतर भागिले एक ठरीव वेग, अधिक अर्धा तास किंवा असंच काहीतरी. तिथे तो वेग जेट विमानाचा धरलेला असतो आणि तुमच्या मार्गावर पंख्यांचं विमान असतं. तीन ठिकाणी तीन वेळा दिसल्या तर कोणीतरी चुकलंय असं लगेच समजू नका, आधी त्या कशापासून कशापर्यंत मोजल्या आहेत ते बघा.

आता एटीआरचा हिशेब. २४८ सागरी मैल, भागिले २७० नॉट: ५५ मिनिटं. चढताना आणि उतरताना विमान इतक्या वेगाने जात नाही. चढताना सरासरी २०० नॉटच्या आसपास असतं, उतरताना त्याहून थोडं अधिक. याचा दंड साधारण ७ मिनिटं. हवेतला वेळ झाला ६२. गेटपासून धावपट्टीपर्यंत ८ आणि उतरल्यावर गेटपर्यंत ४ मिनिटं धरली की ७४. वेळापत्रकात पाचाच्या पटीत नेऊन ७५.

हाच पल्ला ४५० नॉटच्या प्रादेशिक जेटने केला तर? वेग दीडपटीहून जास्त आहे, तेव्हा ७५ चे ४५ व्हावेत असं वाटतं. मांडून बघा: २४८ भागिले ४५० म्हणजे ३३ मिनिटं. पण जेट ३३,००० फुटांपर्यंत चढतं. त्याला चढायला शंभराहून अधिक मैल लागतात, आणि उतरण्याचा ढोबळ नियम दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा आहे, म्हणजे आणखी ९९. दोन्ही मिळून २१० च्या घरात गेले. पूर्ण वेगाने सपाट उडायला उरले जेमतेम ३५ ते ४० मैल, म्हणजे पाचेक मिनिटं. त्यामुळे दंडही मोठा, १२ मिनिटांचा. ३३ आणि १२ मिळून ४५, जमिनीवरची १२ धरून ५७. जेटने वाचवली फक्त १७ मिनिटं. अशा पल्ल्यांवर पंख्यांची विमानं टिकून आहेत त्याचं हे एक कारण. इंधन कमी लागतं हे दुसरं.

स्वतःच्या जोडीसाठी वेग कुठला घ्यायचा? एटीआर ७२ ला २६० ते २७५ नॉट, डॅश ८-४०० ला ३०० ते ३५०, एम्ब्राएर १७५ किंवा १९० सारख्या जेटला ४३० ते ४५०. विमानाची जात तिकीट काढताना तपशिलात लिहिलेली असते. ती न बघता वेळ काढू नये.

पल्ला अगदी छोटा असेल तर स्थिर मिनिटांचंच राज्य. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा: अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा पाठीशी असताना नोंदलेला विक्रम ५३ सेकंदांचा. मोठ्या विमानतळावर तेवढ्या वेळात विमान गेटवरून मागेही ढकलून होत नाही.

वारा

विमानाचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो. हवाच सरकत असली तर जमिनीवरचा वेग बदलतो. समोरून ५० नॉटचा वारा आला तर एटीआरचे २७० चे २२० होतात आणि ५५ मिनिटांची ६८. तोच वारा पाठीमागून असेल तर ३२० नॉट, ४६ ते ४७ मिनिटं. बारीक बघा: जाताना तेरा गमावली, येताना आठ-नऊच परत मिळाली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून जाऊन-येऊन कायम तोटाच. जाण्या-येण्याची सरासरी काढून ‘वारा नसतानाचा वेळ’ म्हणणं म्हणूनच किंचित चुकतं. हळू विमानाला वारा जास्त बोचतो. त्याच वाऱ्यात जेटची फक्त चार मिनिटं जातात, जरी जेट ज्या उंचीवर उडतं तिथे वारेही बहुधा जोरात असतात.

समशीतोष्ण पट्ट्यात वरचे वारे साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात जोर धरतात. म्हणून पूर्व-पश्चिम जोडीचा वेळ दोन्ही दिशांना वेगळा आणि ऋतूप्रमाणेही वेगळा ठेवावा. थंड प्रदेशात पंखांवरचा बर्फ काढण्याचे दहा-पंधरा मिनिटं वेगळे धरा. ते जमिनीवरच जातात, त्यामुळे हवेतल्या वेळात दिसत नाहीत.

घड्याळ

वेळापत्रकात निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या ठिकाणची असते. नुसती वजाबाकी केली तर कालपट्ट्याचा फरक उड्डाणाच्या वेळेत मिसळतो. खात्रीचा मार्ग एकच: दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभरासाठी एकच असलेल्या प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा. रेखांशावरून कालपट्टा ओळखायला जाऊ नका. किर्केनेस इस्तंबूलपेक्षाही पूर्वेला आहे, तिथे सूर्य ट्रॉम्सोपेक्षा सुमारे ४४ मिनिटं आधी माथ्यावर येतो, तरी दोन्हीकडे घड्याळ एकच आहे, कारण अख्ख्या मुख्य भूमीवर नॉर्वेची एकच वेळ चालते. नॉर्वे, फिनलंड आणि रशियाच्या सीमा जिथे मिळतात त्या बिंदूवर हिवाळ्यात तीन वेगवेगळ्या वेळा एकत्र येतात. उन्हाळी वेळ पाळणारा देश एका टोकाला आणि न पाळणारा दुसऱ्या टोकाला असेल, तर हा फरक वर्षातून दोनदा बदलतो.

थेट विमान नसेल तर

प्रादेशिक विमानतळांच्या बाबतीत हे सारखं घडतं. दोन छोटी ठिकाणं एकमेकांना जोडलेली नसतात, दोन्ही एका मोठ्या केंद्राला जोडलेली असतात. अशा वेळी वरचं ४२३ हे नकाशापुरतं उरतं. ट्रॉम्सोहून किर्केनेसला ऑस्लोमार्गे जायचं म्हटलं तर १,११५ आणि १,३६९ मिळून जवळपास २,४८० किलोमीटर होतात, सरळ अंतराच्या सुमारे सहापट. वेळ काढताना दोन्ही उड्डाणांचे ब्लॉक टाइम घ्या आणि मधे किमान जोडवेळ, म्हणजे एका विमानातून उतरून दुसरं गाठायला लागणारा वेळ घाला. हा किमान वेळ प्रत्येक विमानतळ ठरवून देतो आणि दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील तरच त्याला अर्थ आहे. वेगवेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तिथे किमान वेळेच्या दुप्पट तरी सोडा. रस्त्याचा पर्यायही याच वेळी ताडून बघा, पण हवाई अंतरावरून रस्त्याचा अंदाज बांधू नका. फ्योर्ड (जमिनीत खोल घुसलेल्या समुद्राच्या खाड्या) आणि डोंगरांमुळे आपल्या जोडीत रस्ता हवाई अंतराच्या दुपटीच्या आसपास जातो.

पडताळणी

हिशेब झाला की खऱ्या उड्डाणांशी ताडा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर उड्डाण क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या नोंदी दिसतात. दहाएक उड्डाणांचा हवेतला वेळ चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, कारण धुक्यात घिरट्या घातलेलं एक विमान सरासरी बिघडवून टाकतं. तुमच्या आकड्याशी पाच मिनिटांत जुळलं तर उत्तम.

प्रत्यक्ष उड्डाणं वेळापत्रकापेक्षा सतत दहा मिनिटं आधी पोचताना दिसली, तर कंपनीने वेळापत्रकात मुद्दाम जादा मिनिटांची गादी घातलेली आहे. विमान ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवर मोजायची रीत आहे, त्यामुळे ब्लॉक टाइम थोडा सैल ठेवण्यात कंपनीचा फायदाच असतो. उलट फरक वीस मिनिटांहून जास्त आणि रोजचाच असेल, तर बहुतेक वेळा विमानाची जात चुकीची धरलेली असते. तेही नसेल तर मार्गाचा नकाशा उघडून विमान कुठे वळसा घालतंय ते बघा.